बाबा युद्धात नेमकं काय करत होते? (हवाई दलातल्या एका इंजिन फिटरच्या आठवणी जमवताना)

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय.

माझे बाबा फेब्रुवारीत गेले. वय ८१. भारतीय हवाई दलात इंजिन फिटर होते. १९६२ साली भरती, तांबरमला ट्रेनिंग, पंधरा वर्षं नोकरी आणि मग बाहेर एका कारखान्यात. म्हणजे पासष्ट आणि एकाहत्तर, दोन्ही युद्धं त्यांच्या नोकरीत आली. वर्षश्राद्धापर्यंत घरच्यांपुरती एक छोटी पुस्तिका काढायचं ठरलंय आणि लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

अडचण अशी की बाबा बोलायचेच नाहीत. विचारलं की ठरलेलं उत्तर, "लढले ते वर गेले. आम्ही खाली इंजिनं बघत होतो." भावाचं म्हणणं, पहिल्याच पानावर 'शूर योद्धा' असं मोठ्या अक्षरांत टाकू. मला ते बाबांच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं वाटतं. पण त्याऐवजी काय लिहायचं तेही सुचत नाही.

हातात काय आहे? एका पत्र्याच्या डब्यात तीन पदकं. ओल लागून पानं चिकटलेलं डिस्चार्ज बुक. आणि एक कृष्णधवल फोटो. त्यात बाबा एका विमानाला टेकून उभे आहेत, आणि विमान इतकं बुटकं की त्यांचा हात सहज कॉकपिटच्या काठावर पोचलाय.

तुमच्या घरात, शेजारात असं कोणी होतं का? युद्धाच्या दिवसांत विमानाच्या मेकॅनिकचा दिवस कसा असायचा? काहीही सांगा.

बंडूनाना

ताई, आधी बाबांना नमस्कार. वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

विमानवेडा

हात कॉकपिटला पोचतोय म्हणजे नॅट, ते चिमुकलं लढाऊ जेट! दुसरं काही असूच शकत नाही. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम २२ फूट, शेपटीची उंची ८ फूट. तीन पदकांत पूर्वी स्टार (एकाहत्तरला पूर्वेच्या आघाडीसाठीचं पदक) आहे का बघा. असेल तर तुमचे बाबा थेट बोयराच्या, म्हणजे पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या हवाई लढाईतले! २२ नोव्हेंबर १९७१, दमदमहून चार नॅट उडाली आणि पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानं पाडली. युद्ध जाहीर व्हायच्याही आधी. अंगावर काटा आला लिहिताना.

रानजाई

हो, एकावर पूर्वी स्टार लिहिलंय! खरंच?

आडगावचा_शहाणा

विमानवेडे, जरा ब्रेक लावा. पूर्वेला नॅटची एकच स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) नव्हती. बोयराची २२ नंबरची, पण तिकडच्या इतर तळांवरही नॅट होती. शिवाय फोटो कुठल्या साली काढला ते कुठे माहीत आहे? पासष्टच्या आधीचाही असेल. एक फोटो आणि एक पदक यावरून माणसाला थेट बोयराला नेऊन बसवू नका, पुस्तिकेत छापलं की तेच कायमचं होऊन बसतं.

रानजाई, दुसरं पदक गोल आहे का? संग्राम मेडल (एकाहत्तरच्या युद्धाचं पदक) असेल तर त्याच्या कडेवर भिंग लावून बघा. नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. म्हणजे निदान तेव्हाचा हुद्दा कळेल.

चहाटळ

आणि तिसरं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं असणार. ते त्या १५ ऑगस्टला नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं. आमच्या मामांनाही होतं. मामा कँटीनच्या हिशेबाला होते, पण लग्नकार्यात असे लावून यायचे की नवरदेव झाकोळून जायचा.

मेधा_प

माझे मोठे काका लोहगावला कॅनबेरावर होते, इलेक्ट्रिकल फिटर. कॅनबेरा म्हणजे दोन इंजिनांचं बॉम्बर. ते सुरू करायला बंदुकीसारखं काडतूस लागायचं, इंजिनाच्या नाकाशी असलेल्या स्टार्टरमध्ये भरायचं. बटण दाबलं की धडाम आवाज आणि काळ्या धुराचा लोट. काका सांगायचे, नवखा पोरगा पहिल्यांदा जवळ उभा असला की हमखास जमिनीवर आडवा. मग सगळे हसणार.

काकांचं ऐकू येणं पन्नाशीतच गेलं. त्या काळी कानाला कापूस लावला तर लावला. आम्ही घरात सगळे ओरडूनच बोलायचो, आणि बाहेरच्यांना वाटायचं यांच्याकडे रोज भांडणं चालतात.

सडेफटिंग

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. रानजाई यांच्या वडिलांनीच जे म्हटलंय ते बरोबर आहे की. जो सीमेवर गोळ्या झेलतो तो युद्धातला माणूस. मागे राहून पाने फिरवणारा नोकरी करत होता. चांगली केली, आदर आहे. पण हल्ली ज्याला त्याला वीर करायची जी साथ आलीय तिच्यात भर कशाला?

कोकणकडा

सडेफटिंग, 'मागे' म्हणजे नक्की कुठे? ६ सप्टेंबर १९६५ ला पठाणकोटच्या तळावर सेबर आली तेव्हा आपली मिस्टेअर आणि नवी कोरी मिग लढाऊ विमानं जमिनीवर उभी असताना जळाली. दुसऱ्या दिवशी कलाईकुंड्याला तेच, कॅनबेरा आणि व्हॅम्पायर. उभ्या विमानाच्या आसपास कोण असतं असं तुम्हाला वाटतं? पायलट?

१४ डिसेंबर १९७१ चं श्रीनगर घ्या. तळावर बॉम्ब पडत असताना निर्मलजितसिंग सेखों नॅट घेऊन उडाले, परमवीरचक्र मिळालं, हवाई दलाला मिळालेलं ते एकमेव. आता ते विमान सुरू करून देणारी, चाकाखालचे चॉक ओढणारी माणसं त्या क्षणी कुठे होती? तिथेच. फक्त ती उडून जाऊ शकत नव्हती.

सडेफटिंग

मुद्दा मान्य. तरी 'शूर योद्धा' नको यावर मी ठाम. रानजाईंच्या बाजूनेच बोलतोय खरं तर.

बंडूनाना

भुजच्या बायकांची आठवण झाली यावरून. एकाहत्तरला धावपट्टीवर बॉम्ब पडून खड्डे पडले तेव्हा माधापरच्या बायकांनी तीन दिवसांत ती नीट करून दिली. तळाचे प्रमुख होते विजय कर्णिक, आपले मराठी. त्या बायकांना कोणी योद्धा म्हणावं म्हणून त्या गेल्या नव्हत्या. पण धावपट्टी नसती तर सगळ्या शौर्याचं काय लोणचं घालायचं होतं?

स्पॅनर१९

बराच वेळ लिहू की नको करत होतो. मी स्वतः एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाचा सांगाडा आणि चाकं बघणारा, ६९ च्या भरतीचा. एकाहत्तरला पश्चिमेला हंटर या लढाऊ विमानावर होतो, तेव्हा एलएसी, म्हणजे उतरंडीत जवळजवळ तळाला. ताईंनी दिवस कसा असायचा विचारलंय, तेवढंच सांगतो.

दिवस असा नसायचाच. विमान उतरलं की आमचं सुरू, उडालं की पुढच्याची तयारी. उतरल्यावर जे करायचं त्याला टर्न राउंड म्हणतात. विमान जागेवर आलं की चॉक लावायचे, सीटच्या आणि शस्त्रांच्या सुरक्षेच्या पिना घालायच्या, त्यांना लाल फडकी लटकत असतात. मग जो तो आपल्या कामाला. मी टायरवर चिरा बघणार, ब्रेक बघणार, हायड्रॉलिकचं तेल कुठे ओघळलंय का ते पोटाखाली झोपून बघणार, शेपटीचं ब्रेक पॅराशूट नवं भरणार. इंजिनवाला तेल बघणार, हवा आत जाते त्या तोंडात डोकं घालून पाती बघणार. इंधन, ऑक्सिजन चालूच. हंटरची एक गंमत होती. तिच्या चार तोफा आणि गोळ्या मिळून एकच पेटी, नाकाखालून अख्खी खाली उतरायची आणि भरलेली दुसरी वर चढायची. तोफांच्या नळ्या फक्त विमानातच राहायच्या. आर्मामेंटची, म्हणजे शस्त्रं बघणारी पोरं ते काम काही मिनिटांत उरकायची. लोंगेवालाला ५ डिसेंबरला जैसलमेरहून हातावर मोजण्याइतकी हंटर दिवसभर रणगाड्यांवर जात राहिली, ती अशा झटपट भरणीच्या जोरावर. मी तिथे नव्हतो, पण काम तेच.

हंटरचं इंजिन सुरू करायला एव्हपिन नावाचं द्रव असायचं. त्याचा वास घेतला की डोकं ठणकायला लागायचं, आणि पेटलं तर ज्योत धड दिसायची नाही. म्हणून ते भरणाऱ्याच्या मागे एकजण आग विझवायचं नळकांडं धरून उभा.

रात्री ब्लॅकआउट. टॉर्चच्या काचेवर कागद चिकटवलेला, त्यातून येईल तेवढा उजेड. डिसेंबरची थंडी, धातूला हात लावला की चटका बसल्यासारखं व्हायचं. हातमोजे घातले तर बोटं फटीत जात नाहीत, म्हणून उघड्या हातांनीच. लॉकिंग वायर म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत नसेल. बोल्ट आवळला की त्याच्या डोक्यातल्या भोकातून बारीक तार ओवायची, पिळायची आणि शेजारच्या बोल्टाला अशा बाजूने बांधायची की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारेने तो उलट आवळला जावा. उलट्या बाजूने बांधली तर असून नसल्यासारखी. अंधारात बोटांनी चाचपून मी ती बांधलीय, आणि वर सार्जंट येऊन बोटांनीच चाचपून तपासायचा.

हे झालं की फॉर्म ७००. प्रत्येक विमानाचं ते बाड असतं. ज्याने जे बघितलं त्याने आपल्या रकान्यात सही करायची. सगळ्या सह्या झाल्या की शेवटी पायलट सही करून विमान ताब्यात घेतो. तो आमची तोंडं बघत नाही, सह्या बघतो आणि शिडी चढतो.

एकदा आमच्या पाळीत कॉर्पोरलची एक छोटी पक्कड मोजणीत कमी भरली. त्याने स्वतःच जाऊन सांगितलं. झालं, विमान थांबलं. युद्ध चालू, पहाटेच्या फेरीत ते विमान जायचं ठरलेलं, आणि आम्ही आठ-दहा जण पॅनेल उघडून टॉर्चने एक पक्कड शोधतोय. कंट्रोलच्या सळ्यांमध्ये असलं काही अडकलं तर दांडा हलत नाही, मग पायलट कितीही शूर असो. पहाटेची फेरी त्या विमानाशिवाय गेली. पक्कड सकाळी सापडली, त्याच्याच ओव्हरऑलच्या फाटक्या खिशातून अस्तरात उतरली होती. कोणी त्याला एका शब्दाने बोललं नाही. लपवून ठेवली असती तर मात्र त्याची खैर नव्हती.

आणि ताई, तुमचे बाबा का बोलायचे नाहीत ते मला विचाराल तर सांगतो. एखादं विमान परत आलं नाही की सगळ्यात आधी त्याचा फॉर्म ७०० ताब्यात घेऊन कुलपात ठेवतात. शत्रूने पाडलं असेल हे सगळ्यांना माहीत असतं. तरी त्या कागदावर ज्याची शेवटची सही आहे तो माणूस रात्रभर मनातल्या मनात प्रत्येक नट पुन्हा आवळत बसतो. पायलटचं नक्की काय झालं ते कधी कळतं, कधी नाही. हे घरी येऊन बायकापोरांना काय सांगणार?

कोकणकडा

_/\_

मेधा_प

काका, तुम्ही वेगळा धागा काढाच. विनंती समजा किंवा दटावणी.

विमानवेडा

काका, मागे लागतोय म्हणून राग नको, पण नॅटवर पण होतात का कधी? तिच्या तोफा अडकायच्या म्हणतात.

स्पॅनर१९

नाही, नॅटवर नव्हतो. तोफा अडकायच्या हे खरं आहे, आर्मामेंटवाले त्यावरून शिव्या खायचे आणि द्यायचेही. नॅटवाल्यांचा आम्हाला हेवा मात्र वाटायचा, शिडीशिवाय बरंच काम होतं म्हणून. पण आत सगळं इतकं खचाखच भरलेलं की एक भाग काढायला आधी दुसरे चार काढा. जागा वाचवायची इतकी हौस की चाकांची दारंच हवेत ब्रेक म्हणून वापरायची.

ओझरवाली

माझे सासरे हवाई दलात नव्हते, ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात होते, मिगवर. पण हवाई दलाचे लोक विमान न्यायला यायचे त्यांच्याबद्दल ते फार आदराने बोलायचे. "आपण बनवतो, त्यांना ते रोज जगवावं लागतं" असं त्यांचं वाक्य होतं.

अवांतर: जुन्या मेकॅनिकांच्या जुगाडावर कोणीतरी लिहा. फाळणीनंतर कानपूरला अमेरिकन लिबरेटर बॉम्बरचा मोठा ढीग पडून होता. कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम तोडफोड करून ठेवलेली. एचएएलच्या लोकांनी त्यांतली विमानं तिथेच उडण्यापुरती ठाकठीक केली, मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी ती एकेक करून बंगलोरला घेऊन गेले, तिथे नीट दुरुस्ती झाली. त्यातून हवाई दलाला चार इंजिनांची बॉम्बर मिळाली, आणि ती १९६८ पर्यंत चालवली. शेवटची बरीच वर्षं पुण्याहून समुद्रावर टेहळणीला जायची.

आडगावचा_शहाणा

अवांतरात अवांतर: पॅकेट या मालवाहू विमानाच्या पाठीवर ऑर्फियस जेट इंजिन बसवलं होतं आपल्याकडे, डोंगराळ धावपट्ट्यांवरून जड सामान घेऊन उडता यावं म्हणून. तेच इंजिन नॅटमध्ये. म्हणजे रानजाईंचे बाबा नॅटवर असतील तर त्यांना ज्या इंजिनाचं शिक्षण होतं तेच मालवाहू विमानाच्या डोक्यावरही होतं. आणि एकाहत्तरला ॲन्टोनोव्ह १२ सारख्या मालवाहू विमानांतून बॉम्ब टाकले, ४४ नंबरच्या स्क्वाड्रनने. ती मूळची बॉम्बरं नव्हेत. मागच्या दारातून बॉम्ब ढकलायची सोय करून दिली होती.

दिमापूरला तर त्याहून कमाल. बांगलादेशच्या पहिल्या हवाई तुकडीसाठी एका ऑटर विमानाला आणि एका अलूएट हेलिकॉप्टरला रॉकेटं बसवली. दोन्ही मूळची साधी वाहतुकीची. हे वेल्डिंग, वायरिंग कोणी केलं असेल त्या माणसांची नावं शोधून बघा, फारशी सापडणार नाहीत.

चहाटळ

आमच्या आळीत एक निवृत्त वॉरंट ऑफिसर होते. त्यांची बजाज स्कूटर काढायच्या आधी ते तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारायचे, दोन्ही टायर दाबून, तेल बघून, मग किक. बायको मागच्या सीटवर बसायच्या आधी उभी राहून वाट बघायची. एकदा घाईत मुलगा तशीच स्कूटर घेऊन गेला तर संध्याकाळी त्याच्याकडून लेखी घेतलं होतं म्हणे. घरच्या कुकरच्या कानालाही तार पिळलेली. आज स्पॅनरकाकांचं वाचून ती तार कसली ते कळलं.

रानजाई

चहाटळ, हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आमच्या शिलाई मशीनच्या प्रत्येक स्क्रूला तार होती! आई वैतागायची, सुई बदलायची तर बाबांना हाक मारावी लागायची. आम्हाला वाटायचं हा त्यांचा विक्षिप्तपणा.

स्पॅनरकाका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, एकाहत्तरच्या डिसेंबरात बाबांचं एक पत्र आलं होतं, त्यात फक्त "तब्येत ठीक, काम खूप, हात फुटलेत, व्हॅसलिन पाठव." तिने ते पाठवलंही होतं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की नवऱ्याने युद्धातून पत्र लिहावं तर व्हॅसलिनचं!

पदक भिंगाखाली धरलं. 'सीपीएल' असं कोरलंय, म्हणजे तेव्हा कॉर्पोरल. डिस्चार्ज बुक वाफ देऊन उघडायला भाऊ निघालाय.

मेधा_प

वाफ नको!!! शाई पसरेल. ते बुक तसंच दोन टीपकागदांमध्ये ठेवा, वर वजन नको, पंख्याचा झोत नको. हस्तलिखितं दुरुस्त करणारे लोक मोठ्या शहरांत असतात, त्यांना दाखवा. दरम्यान बाबांचा सर्व्हिस नंबर पदकाच्या कडेवर मिळालाच आहे. दिल्लीला सुब्रोतो पार्कात हवाई दलाचं रेकॉर्ड ऑफिस आहे, आईच्या सहीने अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली मंडळी अर्ज लिहायला मदत करतात. कुठल्या स्क्वाड्रनला कधी होते ते तिथून कळण्याची शक्यता जास्त.

आडगावचा_शहाणा

+१. आणि अर्ज करतच आहात तर आईचं नाव पेन्शनच्या कागदांवर आणि आधारवर सारखं आहे ना तेही बघून घ्या. आमच्या मावशीचं एका कागदावर माहेरचं नाव राहिलं होतं, एका कार्यालयाने त्यापायी तिला सात-आठ महिने फेऱ्या मारायला लावल्या.

सडेफटिंग

स्पॅनर१९, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "मागे राहून पाने फिरवणारा" हे वाक्य मी आज लिहिलं नसतं.

रानजाई, पुस्तिकेत ते व्हॅसलिनचं पत्र छापा. पत्र उरलं नसेल तर आईच्या शब्दांत छापा. आणि शिलाई मशीनचा फोटो.

रानजाई

पत्र नाही राहिलं. मशीन आहे. तार अजून तशीच आहे, उद्या फोटो काढते.

मी असं ठरवतेय: बोयरा वगैरे काही नाही, जोवर रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर येत नाही तोवर. कॉर्पोरल, इंजिन फिटर, पूर्व विभाग, एवढंच. आणि एक अख्खं पान फक्त टर्न राउंडवर, कोण काय बघायचं ते क्रमाने. स्पॅनरकाका, तुमची हरकत नसेल तर तुमच्या वर्णनावरून लिहीन आणि तुम्हाला तपासायला पाठवीन. इंजिनवाल्याचा भाग थोडा वाढवून हवा आहे.

स्पॅनर१९

हरकत कसली. इंजिनचा भाग माझा नाही, पण माझ्या ओळखीचे एक इंजिन फिटर आहेत, नॅटवरच होते. त्यांना फोन करतो. ते माझ्यापेक्षा कमी बोलतात, पण तांत्रिक विचारलं की सुटतात. "कसं वाटायचं" विचारू नका, "कॉम्प्रेसरची पाती कशी तपासायचात" विचारा. तासभर जाईल.

फोटोत शेपटीजवळ किंवा अंगावर नंबर दिसतो का? नॅटचे नंबर आय ई किंवा नुसत्या ई ने सुरू व्हायचे. पुढचे आकडे वाचता आले तर विमानवेड्यांना कामाला लावता येईल, ते लोक एकेका विमानाचा इतिहास काढतात.

विमानवेडा

लावाच. मी तयार आहे. आणि आधीच्या उतावळेपणाची भरपाई समजा.

रानजाई

आय ई दिसतंय. पुढचा एक दिसतोय, मग बाबांचा खांदा. खांद्याच्या पलीकडे शेवटचा आकडा अर्धा, तीन किंवा आठ. उद्या स्कॅन करून टाकते.

भावाने दरम्यान मुखपृष्ठ करून पाठवलंय. 'शूर योद्धा' काढलंय, पण पाठीमागे चकचकीत सुखोई!

चहाटळ

हाहाहा! त्यांना सांगा, बाबांनी त्यावर सही केलेली नाही, विमान उडणार नाही.

स्पॅनर१९

स्कॅन जास्त रिझोल्यूशनवर करा. तीन की आठ ते वरच्या वळणावरून कळेल. माझे ते मित्र रविवारी दुपारी मोकळे असतात, नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपाने पाठवतो. मोठ्याने बोला, त्यांच्याही कानाचं तसंच आहे.